तुये ते डिचोली, सायकलीवरून

भाऊबीजेला डिचोलीस आक्काच्या घरी जायचे, आणि तेही सायकलीनेच, हा आमचा नेम पन्नास वर्षांचा आहे. मध्ये दोनतीन वर्षे आजारपणामुळे चुकली, एका वर्षी पावसाने अडविले. एरवी तुये ते डिचोली ही तीस-पस्तीस किलोमीटरांची वाट आम्ही दर दिवाळीत तुडविली. सायकल वडिलांची. 1959 साली म्हापशाहून आणलेली हिरवी रॅले; तिचा हिरवा रंग आता फक्त दांडीच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, शिल्लक राहिला आहे. गिअर नाही, ब्रेक सळयांचे, आणि वजन असे की चढावर ती आपल्याला वाहते की आपण तिला, असा प्रश्न पडावा.

गेल्या दिवाळीत मात्र या नेमात एक सोबती आला. आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा मुलगा बरीच वर्षे पोर्तुगालात, ब्रागा शहरी, नोकरीला आहे. तो मोपाच्या विमानतळावर उतरला आणि घरी आला तो थेट, "काका, या खेपेस मी येतो तुमच्याबरोबर," असे म्हणतच. म्हापशाच्या एका दुकानातून त्याने सत्तावीस गिअरांची सायकल भाड्याने आणली. आम्हास आनंद झाला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत आमच्या धाकट्या चिरंजीवांनी दिलेला एक कागद आहे, हे तेव्हा आम्हास ठाऊक नव्हते.

पूर्वी आम्ही कामुर्लीच्या तरीने नदी उतरत असू. तो मार्ग जवळचा आणि सपाट. परंतु पुतण्यास चढ हवे होते, म्हणून विर्नोड्यावरून धारगळ आणि तिथून कोलवाळचा पूल असे ठरले. पहाटे निघालो. शापोरेच्या काठच्या मळ्यांत भात कापणीला आले होते; काही कुणग्यांत आडवे पडलेले, काही उभे. वाटेतल्या तिठ्यांवर चतुर्दशीला जाळलेल्या नरकासुरांच्या तारा आणि अर्धवट जळलेले बांबू अजून पडून होते. टायरला तार लागू नये म्हणून आम्ही त्या चुकवीत होतो. असुर मेल्यावरही वाटसरूला त्रास देतो तो असा.

पेडण्याच्या डोंगरांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण मोटारीतून जाणाऱ्यास ते डोंगर आहेत हे कळतच नाही. आपला डोंगर म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. त्याला शिखर नसते. कडा एकदम उभी राहते आणि वर गेले की ताटासारखी सपाटी. म्हणून सायकलस्वारास सगळा चढ एका दमात, अर्ध्या पाऊण मैलात भोगावा लागतो. दम टाकायला मधली पायरी अशी नाही. वर पोचले की वारा समोरून येतो. मग पुन्हा तसाच उतार, आणि खाली माड, पोफळी, देऊळ, तळी. पावसाचे पाणी सड्यावर मुरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, म्हणून गाव पायथ्याशी आणि गावाबरोबर देवही पायथ्याशी. आमच्याकडे देवाला जायचे तर पुष्कळदा उतरावे लागते.

हे आम्ही पुतण्यास सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "तिकडे उलट आहे." पहिल्या मोठ्या चढावर आम्ही शिरस्त्याप्रमाणे खाली उतरून सायकल ढकलू लागलो. वडील म्हणत की वाहन थकले म्हणजे त्यास हात द्यावा, त्यात लाज कसली. पुतण्या शेजारून गिअर बदलीत, आमच्या चालीने, हळूहळू येत होता आणि बोलत होता. पोर्तुगालच्या उत्तरेस ग्रॅनाइटचे डोंगर आहेत, आणि देवीची देवळे माथ्यावर. मोंदिं द बाश्तु नावाच्या गावाजवळ असाच एक सुळका असून त्याच्या टोकावर 'सेन्योरा द ग्रासा' हे मेरीचे स्थान आहे. यात्रेकरू तिथे चालत जातात. आणि 1927 साली सुरू झालेली 'व्होल्ता आ पोर्तुगाल' ही देशभर फिरणारी सायकलशर्यत कित्येक वर्षे आपला एक टप्पा त्याच देवळाच्या पायऱ्यांशी संपवीत आली आहे. लोक आदल्या रात्रीच डोंगरावर जाऊन बसतात, रांधतात, गातात. जत्राच म्हणावयाची. त्या देशाचा जुवाकीं अगुश्तीन्यु हा शेतकऱ्याचा मुलगा सायकलीवर एवढा पुढे गेला की 1978 आणि 1979 या दोन्ही वर्षी फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीत तिसरा आला. 1984 मध्ये शर्यतीतच कुत्रा आडवा आल्याने तो पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. कुत्र्याचे ऐकून आम्ही मान डोलावली. तो अनुभव जागतिक आहे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात घोळत राहिली. तिकडे अरुंद रुळांच्या आगगाड्या बंद पडल्या, तेव्हा काही मार्गांवरचे रूळ काढून तिथे सायकलींसाठी वाटा केल्या. विझेऊपासून निघणारी अशी एक वाट जवळजवळ पन्नास किलोमीटरांची आहे. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही, म्हणून तो मार्ग मुळातच डोंगराला वळसे घालीत मंद चढतो. आमच्यासारखा वृद्धही तिथे खाली न उतरता जाऊ शकतो. "काका, तुम्ही तिथे आलात तर..." एवढे बोलून तो थांबला. का थांबला ते पुढे कळले.

धारगळला राष्ट्रीय मार्गावर आलो. विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये झाला, त्याआधीपासूनच हा मार्ग रुंदावत होता. आता तो नदीएवढा आहे. आम्ही गाड्यांवर रागावत नाही, त्यांतूनच पुतण्या घरी आला. परंतु पूर्वी या कडेला आंबे होते, त्यांच्या सावलीत सायकल टेकून पाणी पिता येई. आता कडेला लोखंडी कठडा आहे, आणि कठडा व ट्रक यांच्या मध्ये उरते ती आमची जागा. महाखाजनचा उतार आम्ही दोन्ही ब्रेक आवळून उतरलो. सत्तावीस गिअरांचा स्वारही तेव्हा गप्प होता.

कोलवाळच्या पुलावर आम्ही थांबतो, हाही नेमच. ही नदी 1788 पर्यंत दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे सावंतवाडीकरांचे पेडणे, पलीकडे 1543 पासून पोर्तुगीजांचे बार्देश. पेडणे त्यांच्या हाती उशिरा गेले, म्हणून आमच्या अंगणात वृंदावने राहिली आणि देव जागच्या जागी राहिले. पलीकडच्या कित्येक देवांना रातोरात नदी ओलांडावी लागली. पूल ओलांडला की पहिल्याच वळणावर क्रूस दिसतो. थिवी गेली, अस्नोड्याची नदी ओलांडली, की पुन्हा वृंदावने सुरू होतात, कारण डिचोली महालही पोर्तुगीजांकडे गेला तो 1780 नंतरच. दोन अडीच तासांत, घाम पुसता पुसता, माणूस अडीचशे वर्षांच्या दोन सीमा ओलांडतो.

पुलाच्या कठड्यास सायकली टेकवून आम्ही घरचे फोव खात होतो तेव्हा पुतण्याने तो कागद काढला. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो आलेला असेल. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात करविता येते, आणि ती झाली की मुलाबाळांसही त्या देशाचे नागरिकत्व मिळण्याची वाट खुली होते. हजारो कुटुंबे त्या वाटेने गेली. आमचा जन्म 1957 चा. चिरंजीवांना गेली चार वर्षे धड नोकरी नाही. स्वतःच्या तोंडाने मागावयास तो लाजला, म्हणून चुलतभावाकडून अर्ज पाठविला. सही तेवढी हवी होती.

आम्ही कागद वाचला. पोर्तुगीज आम्हास अडखळत का होईना वाचता येते. 1955 च्या आपल्या कायद्याप्रमाणे परदेशचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे सुटते. त्याच सालच्या 15 ऑगस्टला पत्रादेवीच्या नाक्यावर, आमच्याच तालुक्यात, सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्यांतल्या काहींना पाणी पाजल्याचे वडील सांगत. ही एक बाजू. मुलाचे वय चौतीस, ही दुसरी. आम्ही म्हटले, "चल आधी, ऊन होते आहे."

थिवीपासून अस्नोड्यापर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. एवढेच विचारले की तिकडे रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालवितात. तो म्हणाला, उजव्या. पोर्तुगालने 1928 साली डावी बाजू सोडून उजवी धरली, परंतु गोव्याच्या सीमा ब्रिटिश मुलखाला लागून असल्याने इथे डावीच राहिली. म्हणजे राज्य त्यांचे असतानाही रस्ता आमच्या शेजाऱ्यांच्या रीतीने चालत होता. ब्रागाला पहिले काही महिने आपण चौकात चुकीच्या बाजूस पाहत होतो, असे पुतण्या म्हणाला. एकदा पडलाही होता. घरी कळविले नव्हते.

मुळगावला केळबाईच्या देवळाशी उतरलो. आमच्या बाजूची मोरजाई, इथली केळबाई, शिरगावची लईराई, मयेची महामाया, आणि म्हापशात ख्रिस्ती झालेली मिराबाई, जिला मिलाग्रीस सायबीण म्हणतात. या सर्व बहिणी, आणि खेतोबा त्यांचा भाऊ. कथा गावागणिक वेगळी आहे. रागाच्या भरात भावंडास दुखविल्याच्या पश्चात्तापाने लईराईने अग्निदिव्य केले, आणि म्हणून तिचे धोंड अजून निखाऱ्यांवरून चालतात, हा धागा बहुतेक सर्वत्र ऐकू येतो. बहिणी दूर दूर गेल्या, एकीने धर्मही बदलला, तरी नाते तुटले नाही असे दोन्हीकडची माणसे मानतात. हे पुतण्यास सांगताना आपण आपल्याच विरुद्ध साक्ष देतो आहोत असे आम्हास वाटले.

मुळगाव-शिरगावच्या बाजूस पूर्वी टेकड्या होत्या. 2012 साली खाणी बंद झाल्या आणि 2018 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले, तोवर त्यांच्या जागी खड्डे झाले होते आणि खड्ड्यांत पाणी साचले होते. आमच्या तरुणपणी इथे एक दमछाक करणारा चढ होता, तो आता राहिला नाही. चढ गेल्याचे दुःख करणारा सायकलस्वार विरळा.

आक्काचे वय आता त्र्याहत्तर. ओवाळून झाल्यावर पुतण्याने तिच्यापुढेही विषय काढला. तिने कागद चष्म्याशिवायच पाहिला, परत केला, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "सय कर जाल्यार. पूण मागीर भावबीजेक कोण येतलो? तुजी सायकल येतली?" पुतण्याने समजाविले की सही केल्याने कोणास जावे लागत नाही, काका इथेच राहू शकतात, व्हिसा वगैरे सोय आहे. आक्का म्हणाली, घरच्या घरी राहावयास व्हिसा कशाला, आणि करंज्या आणावयास आत गेली.

दुसऱ्या दिवशी परतलो. कागद आम्ही मागून घेतला आहे. सही केलेली नाही, फाडलाही नाही. रॅलेच्या 1959 च्या पावतीच्या पेटीत तो ठेवला आहे, आणि तो तिथे आहे हे चिरंजीवांस ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा तो पेटीकडे पाहतो. आम्ही त्याच्याकडे पाहतो.

परतीच्या वाटेवर महाखाजनचा तोच उतार चढ होऊन समोर आला. आम्ही नेहमीप्रमाणे खाली उतरलो. थोड्या वेळाने मागे पाहिले तर पुतण्याही सायकल ढकलीत येत होता. साखळी निसटली, असे तो म्हणाला. साखळी जागेवर होती.