कोरडा नेम

मोजलेला वेळ आणि साधलेली गोष्ट यांचे नाते मला आयुष्यभर छंदःशास्त्रात भेटत आले. ते पिस्तुलाच्या संदर्भात भेटेल, अशी कल्पना नव्हती. अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या पुतण्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. रोज रात्री जेवणे आटोपली की तो पंधरा मिनिटे तळघरात उतरे आणि थोड्या थोड्या वेळाने खालून एक कर्कश बीप ऐकू येई. त्याच्या पाठोपाठ दुसरा. मग शांतता. एके दिवशी कुतूहलाने मीही खाली गेलो.

त्याचा छंद ॲक्शन शूटिंगचा. या क्रीडाप्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, सामर्थ्य आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद. येथे नेमबाज एका जागी स्तब्ध उभा राहत नाही. तो धावतो, वळतो, आडोशाआडून नेम धरतो, आणि अखेरीस त्याच्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. १० सेकंदांत ६० गुण मिळवणाऱ्याच्या पदरी ६ पडतात. ८ सेकंदांत ५४ मिळवणारा ६.७५ घेऊन पुढे जातो. घाईला असे उघड मोल देणारा हिशेब आम्हा समीक्षकांना जरा अशिष्टच वाटावा.

घरचा सराव मात्र कोरडा. तिकडे त्याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. काडतुसे वरच्या मजल्यावर कुलपात. नळी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करायची, मग बोट घालून पुन्हा करायची. नेम धरायचा तो ज्या भिंतीपलीकडे केवळ माती आहे तिच्याकडे. (शस्त्राविषयी माझ्या मनात असलेली अढी या दक्षतेने सैल झाली, गेली नाही.) भिंतीवर मूळ लक्ष्याच्या एक तृतीयांश आकाराचा कागद चिकटवलेला, तीन मीटरांवरून तो नऊ मीटरांवरच्या लक्ष्याएवढा दिसतो.

मैदानावर टायमर गोळीचा आवाज टिपतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ सांगतो. घरी चापाची हलकी टक् त्याला धड ऐकू येत नाही. म्हणून वेळ आधीच ठरवून द्यावी लागते. समजा, दीड सेकंद. कळ दाबल्यावर पहिला बीप केव्हा होईल याचा नेम नसतो. तो झाला की पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर यायचे, नळीच्या टोकावरची खूण लक्ष्यावर स्थिरावायची, चाप ओढला जायचा, आणि हे सारे दुसऱ्या बीपच्या आत. दहा वेळा नीट जमले की १.४. मग १.३.

तबल्याचा विद्यार्थी लेहऱ्यावर रियाज करतो त्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्य वरवरचे आहे. सम ही भेटीची जागा असते. चुकली तरी पुढच्या आवर्तनात पुन्हा येते. दुसरा बीप कुणाची वाट पाहत नाही आणि कुणाला भेटतही नाही. तो फक्त मुदत संपल्याचे सांगतो.

मला जवळचे वाटले ते वृत्तबद्ध रचनेचे उदाहरण. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात १९ अक्षरे, बाराव्यावर यती. होतकरू कवीला एखादे अक्षर कमी पडले की तो ‘च’, ‘ही’, ‘तो’ असे काहीतरी भरतो. संस्कृतात अशा शब्दांना पादपूरणार्थक म्हणून मान्यताच आहे. मोजणी बरोबर येते, चरण उभा राहतो, आणि त्यातून कविता निसटलेली असते. पुतण्याच्या सरावातही हे घडू शकते. बीप येणार या धास्तीने, खूण स्थिरावण्याआधीच बोट चाप ओढते. वेळ साधली जाते. कागदाला भोक पडत नसल्याने नेम चुकल्याचा पुरावाही मागे राहत नाही.

“मग तुला कळते कसे?” मी विचारले.

“टक् झाली त्या क्षणी पुढची खूण कुठे होती, हे दिसलं पाहिजे काका. दिसलं नाही तर तो बार धरायचा नाही.”

“आणि दिसले असे उगाच मानले तर?”

तो हसला. “मशीन काही बोलणार नाही.”

वर्षानुवर्षे मी इतरांच्या लेखनातील पादपूरणे दाखवत आलो. ते सोपे असते, कारण संहिता समोर असते आणि आपण परके असतो. येथे करणारा एक, पाहणारा तोच, आणि नाकारणाराही तोच. शिवाय हे सारे सव्वा-दीड सेकंदात. आमच्या टीकाव्यवहारात इतक्या कठोर वाचकाची अपेक्षा क्वचितच कोणी बाळगली असेल. मी तरी लेखकाकडून ती केली नव्हती.

त्याची वही मी मागून घेतली. तारीख, ठरवलेली वेळ, आणि दहांपैकी किती धरले, एवढेच तीन रकाने. एका ओळीत १.३ पुढे चार लिहिले होते. दुसऱ्या दिवशी वेळ परत १.५ केलेली. दहाही वेळा बीपच्या आत टक् झाली होती का, असे मी विचारले. झाली होती, तो म्हणाला.

सराव आटोपला की तो मोठ्याने, एकटा असला तरी, “आजचा सराव संपला” असे म्हणतो. पिस्तूल पुन्हा भरल्यावर ‘आणखी एकदाच’ म्हणून चाप ओढला जातो आणि अपघात होतात, असे त्याने सांगितले. त्या रात्री ते वाक्य त्याने उच्चारले, टायमर बंद केला, पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावले. आणि मला जिन्याच्या पायऱ्या नीट दिसाव्यात म्हणून दिवा चालूच ठेवून माझ्यामागून वर आला.