कपाटाच्या आतला फोटो

परवा शाळेतून आल्या आल्या आमच्या मुलीने फर्मान सोडले, "पप्पा, कोलाज करायचंय. घरातल्या कुणाची तरी आठवण."

कोलाज म्हणजे कागदाचे, कापडाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र. मला चित्रकलेचा गंध नाही. पण माळ्यावर माझी पत्र्याची पेटी होती. 2007 ते 2009 अशी दोन वर्षे मी दुबईत एका गोदामात हिशेब लिहायला होतो. तिथले कागद मी फेकले नव्हते.

पेटीतून संपलेली फोनकार्डे, पगाराची पाकिटे आणि अरबी अक्षरांचे खजुराचे वेष्टन निघाले. खाडीतल्या अब्रा होडीचा फोटोही निघाला. एका दिरहममध्ये बर दुबईहून देऱ्याला जाता येई. आमची कामगारांची वस्ती सोनापूरला होती. मुंबईकराला सोनापूर म्हणजे स्मशान. पत्ता कळवला तेव्हा आई फोनवर रडली होती.

सौ.ने मैद्याची खळ शिजवून दिली. पुठ्ठ्यावर फोनकार्डांच्या इमारती उभ्या राहिल्या, खजुराच्या कागदाचे वाळवंट झाले, पगाराच्या पाकिटाची होडी झाली. मुलगी खूश.

पेटीच्या तळाशी बाबासाहेबांचा पोस्टकार्डाएवढा फोटो होता. चारी कोपऱ्यांना पिवळी पडलेली चिकटपट्टी.

"हा भिंतीवर लावला होता?"

"नाही. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने."

"आतून का?"

मी गप्प झालो. दर 14 एप्रिलला माईकवर स्वाभिमानाचे बोलणारा मी!

परदेशात जात कोण विचारतो, असे जाताना वाटले होते. मालकाने कधी विचारली नाही. पण खोलीतल्या एका देशबांधवाने पहिल्याच रात्री आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. आठ जणांचा एकत्र स्वयंपाक होता. ताटातून उठवतील या भीतीने मी थाप मारली. दोन वर्षे रोज सकाळी कपाट उघडून मनातल्या मनात जयभीम केला आणि दार लावून घेतले.

हे सारे मुलीला सांगितले. बाबासाहेबांचेही सांगितले. अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी तिथूनही बाहेर काढले. ही हकिगत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. नाव लपवायची पाळी त्यांच्यावरही आली, पण ती गोष्ट त्यांनी लपवली नाही. मी मात्र इतकी वर्षे घरातसुद्धा बोललो नव्हतो.

"फोटो वर, मधोमध लाव," मी म्हणालो.

"पण पप्पा, तसा नव्हता ना तो," ती म्हणाली.

तिने पुठ्ठ्याचे छोटे कपाट कापले, दारासकट. फोटो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. मग दार पूर्ण उघडले, मागे भरपूर खळ लावली आणि सुकेपर्यंत हाताने दाबून धरले. आता ते दार मिटत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जण आखातात राबून आले. आपण मुलांना तिथल्या उंच इमारती सांगतो, सोन्याचा बाजार सांगतो. कपाटही सांगू या. आपण का घाबरलो हे कळले, तर ती घाबरणार नाहीत.

जय भीम!