चोवीस गोल आणि एक गोल

झाशीचे नाव निघाले की बाहेरच्या मराठी माणसास राणी लक्ष्मीबाई आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु या गावात चार वडीलधारी माणसे चहाच्या टपरीपाशी जमली, की गोष्टी निघतात त्या हॉकीच्या. मी केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून. आकडे उतरवावेत आणि त्यांची बेरीज जुळवावी, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळेच की काय, या मंडळींच्या आठवणी ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोठे आकडे त्यांच्या तोंडी फारसे येतच नाहीत.

वास्तविक ते यावयास हवेत. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४ विरुद्ध १ गोलने हरवले. त्यांतले १० गोल रूपसिंगांचे, ८ ध्यानचंदांचे; म्हणजे १८ गोल झाशीच्या एकाच घरातले! पण हा सामना आमच्या टपरीवर एका वाक्यात आटोपतो. अकरावा गोल कसा झाला हे कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी सांगणार कोण?

१९३३ सालची हकीकत मात्र रंगवून सांगितली जाते. कलकत्त्यास बेटन चषकाची अंतिम लढत होती. समोर कलकत्ता कस्टम्सचा बलाढ्य संघ, इकडे झाशी हिरोजची बरीचशी नवखी मुले. कस्टम्सने एकसारखी चढाई चालवली होती. एवढ्यात ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यातून इस्माइलकडे लांब चेंडू दिला. इस्माइल अर्धे मैदान वाऱ्यासारखा धावत गेला. कस्टम्सचा हाफबॅक आणि गोलरक्षक यांची क्षणभर गफलत झाली, आणि सामन्यातला एकमेव गोल झाला. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रात ध्यानचंदांनी हाच आपला सर्वोत्तम सामना म्हणून सांगितला आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या या धन्याने, ज्यात स्वतःचा एकही गोल नाही, असा सामना सर्वांत वर ठेवावा!

दुसरी गोष्ट त्यांच्या चिरंजीवांची, अशोककुमारांची. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजितसिंगांनी तो फेडला, आणि मग अशोककुमारांचा फटका गोलाच्या कोपऱ्यात लागून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनी हरकत घेतली. पंचांनी गोल दिला. भारत २, पाकिस्तान १. चेंडू नेमका कुठे लागला, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. वास्तविक वाद घालणाऱ्यांपैकी कोणीच तो गोल पाहिलेला नाही. सर्वांनी तो आकाशवाणीवर जसदेवसिंगांच्या तोंडून ऐकलेला!

आमच्या शेजारचे नाना तेव्हा कॉलेजात होते. आता सत्तरी उलटली आहे. कालचा निरोप त्यांना आज आठवत नाही. पण हा गोल सांगताना ते पंचांच्या निर्णयापाशी येऊन थांबतात. निकाल आम्हांला ठाऊक असतो, तरी तेवढा वेळ कोणी चहाचा घोट घेत नाही. पन्नास वर्षे लोटली, पण नानांच्या त्या थांबण्यात हरण्याची भीती अजून शिल्लक आहे.

मला वाटते, चोवीस गोलांना हीच भीती नाही. जिथे पराभव अगदी दाराशी येऊन उभा राहिला होता, तेवढेच माणसाच्या मनात घर करून राहते. बाकीचे दप्तरात जाते. दप्तर सांभाळणारी माझ्यासारखी माणसे पुष्कळ मिळतील. पण १९३३ चा तो सामना पाहिलेला माणूस आता आमच्या टपरीवर कोणी उरलेला नाही, आणि १९७५ साली रेडिओला कान लावून बसलेली माणसेही एकेक करून कमी होत आहेत. म्हणून परवा नाना कुठे थांबतात, कोणत्या शब्दापाशी आवाज उतरवतात, हे मी नीट ध्यानात ठेवले. गोष्ट मला पाठ होतीच. थांबावयाचे कुठे, तेवढे शिकणे राहिले होते.