पपईचा चीक, उसातलं आम्ल

झाशीत लग्नसराई जवळ आली की 'एन्झाइम आणि पील दोन्ही एकदम करून द्या' अशी मागणी सुरू होते. बऱ्याच मुलींना वाटतं, दोन्ही एकाच वाटीत कालवून लावतात. तसं करायचं नसतं. का नसतं, ते इथे नीट लिहून ठेवते. हाताखाली शिकणाऱ्या मुलींनाही मी हेच आधी सांगते, ब्रश नंतर देते.

*

हिरव्या पपईला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. त्यात पपेन असतं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. लखनौकडे गलौटी कबाबाच्या खिम्याला कच्ची पपई लावतात ती त्याच्याच जोरावर. चेहऱ्यावर ते सगळ्यात वरच्या मृत थरावर चालतं. तिथल्या पेशी प्रथिनांच्या गाठींनी एकमेकींना जखडलेल्या असतात, त्या गाठी ते सोडवतं. खाली फारसं उतरत नाही, कारण रेणू फार मोठा: वजन साधारण २३,००० डाल्टन. उसाच्या रसात सापडणाऱ्या ग्लायकोलिक आम्लाचा रेणू ७६चा. ते सहज खाली जातं. एकाचं काम पृष्ठभागावर, दुसऱ्याचं खोलवर. दोघांना एकत्र आणण्यामागचा विचार एवढाच आहे.

आणि अडचणही इथेच आहे. पपेनला उबदार, ओलसर, फारसं आंबट नसलेलं वातावरण लागतं. आम्लाच्या पीलचा पीएच पुष्कळदा तीनच्या खाली असतो, कधी दीडपर्यंत. तिथे पपेन निकामी होतं. म्हणजे एका वाटीत कालवलं तर एन्झाइमचे पैसे वाया गेले आणि चेहऱ्यावर उरलं फक्त आम्ल, तेही हिशेबाबाहेरचं.

*

बाटलीवरच्या टक्क्यावर जाऊ नये. ग्लायकोलिकचा पीएच ३.८च्या आसपास ठेवला तर त्यातलं निम्मंच आम्ल मोकळं असतं. पीएच खाली आणला की जवळजवळ सगळंच मोकळं होतं. दोन बाटल्यांवर '३० टक्के' लिहिलेलं असलं तरी एक नुसती चुणचुणते आणि दुसरी फोड आणते. पीएच छापलेला नसेल ती बाटली मी घेत नाही. ऑनलाइन तर आता कोणालाही काहीही मिळतं. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं की तीव्र पील घरच्या घरी लावू नका. आपल्याकडेही हे गल्लोगल्ली सांगायला हवं.

*

एकाच बैठकीत करायचंच असेल तर क्रम असा. चेहरा धुऊन एन्झाइम, पाच ते दहा मिनिटं, सतत ओलसर ठेवून. वाळलं की त्याचं काम थांबतं, नुसता ताण उरतो. मग ते पूर्ण काढायचं, चेहरा कोरडा करायचा, ओठांच्या, नाकपुड्यांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावायचं. त्यानंतर आम्ल, पण नेहमीपेक्षा सौम्य आणि नेहमीपेक्षा कमी वेळ. वरचा थर आत्ताच पातळ केला आहे. आम्ल आता भराभर उतरतं आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. ग्लायकोलिक असेल तर सोड्याच्या पाण्याने थोपवायचं. सॅलिसिलिक स्वतःच थांबतं, मागे पांढरी भुकटी सोडतं. नवख्या मुली ती भुकटी पाहून घाबरतात. ती कातडी भाजल्याची खूण नसते.

माझं मत: तेलकट, जाड, काळ्या पुटकुळ्यांच्या त्वचेलाच दोन्ही एका दिवशी सोसतं. वांग असेल तर नाही. वांगवालीला आज एन्झाइम, दोन-तीन आठवड्यांनी मँडेलिक किंवा लॅक्टिक. मँडेलिकचा रेणू १५२चा, ग्लायकोलिकच्या दुप्पट. तो हळू शिरतो, आणि आपल्या वर्णाला हळू शिरणारंच बरं.

*

बॉस्टनच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५मध्ये उन्हाला त्वचा कशी वागते त्यावरून तिचे प्रकार पाडले. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारातले. गोऱ्या कातडीवर आम्ल पुरे झालं हे लाली पाहून कळतं. आपल्या सावळ्या रंगावर ती लाली उशिरा दिसते, कधी दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही. घड्याळ पाहायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं: "ताई, जळजळ दहापैकी किती?" काही बायका सहन करतात, बोलत नाहीत. जास्त जळलं म्हणजे जास्त उजळलं असं त्यांना वाटतं. खरं उलट आहे. आपल्या कातडीला इजा झाली की ती काळा डाग ठेवून जाते, आणि तो जायला महिने लागतात.

*

नळीबद्दल. पील मागणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, घरी रोज जे क्रीम लावता त्याची नळी घेऊन या. नाव विचारून उपयोग नसतो. 'मेडिकलवाल्याने दिलं, गोरं व्हायचं' एवढंच ठाऊक असतं. नळीवर पुष्कळदा तीन औषधं निघतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे मिश्रण मुळात क्लिगमन आणि विलिस यांच्या १९७५च्या सूत्रातून आलेलं आहे, वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरतं. आपल्याकडे बायका ते वर्षानुवर्षं लावतात. यातलं स्टेरॉइड कातडी पातळ करतं, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१८मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. दुकानात मात्र अजून मिळतात.

अशा चेहऱ्यावर मी एन्झाइमसुद्धा लावत नाही. मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जायला सांगते. गिऱ्हाईक नाराज होऊन दुसरीकडे जातं, तिथे त्याच दिवशी पील मिळतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं, पैशासाठी नव्हे.

*

विचारायच्या आणखी गोष्टी. रबरी हातमोज्यांनी, फुग्यांनी खाज येते का? येत असेल तर पपई नको, चीक आणि रबर यांची ॲलर्जी बरोबरीने असू शकते. ॲस्पिरिन सोसतं का? नसेल तर सॅलिसिलिक नको. दिवस गेले असतील तरी नको. ओठावर वारंवार तापाचे फोड उठतात का? उठत असतील तर आधी डॉक्टर.

*

गणेश मंदिरात, जिथे १८४२मध्ये लक्ष्मीबाई आणि गंगाधररावांचं लग्न लागलं, आमच्या मराठी घरांतल्या बायका अजून भेटतात. कपाळावर कुंकवाच्या जागी काळसर चट्टा असलेल्या काकू मला तिथे दिसतात. तो कुंकवातल्या रंगाच्या ॲलर्जीचा असू शकतो. "पील करून घालव गं" असं म्हणतात. आधी ते कुंकू बंद करा, काकू, आणि पॅच टेस्ट करून घ्या. मूळ कारण तसंच ठेवून वर आम्ल लावलं तर चट्टा वाढेल.

*

नवरी लग्नाच्या आठवडाभर आधी येते. हळद आपल्याकडेही आणि बुंदेलखंडातही चोळून लावतात, बेसन-मोहरीच्या उटण्यासकट. नुकत्याच सोललेल्या चेहऱ्यावर ते चोळणं म्हणजे आग. शेवटचं पील हळदीच्या किमान तीन आठवडे आधी, त्यानंतर फक्त ओलावा देणारं काही. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच पीलच्या आठवड्यात नाही. होळीच्या आधी दोन आठवडे कोणालाच नाही. रंग धुताना इथे जे घासतात ते मी पाहिलं आहे.

*

आणि गोरेपणा. व्हॅन स्कॉट आणि यू यांनी १९७४मध्ये ही फळांतली आम्लं वापरली ती इक्थियोसिसच्या रुग्णांसाठी, ज्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते. त्या माणसांना आराम पडावा म्हणून. जन्मजात रंग यातलं काहीच बदलत नाही, पपई नाही, आम्ल नाही. डाग फिके होतात, खडबडीतपणा जातो, मुरुम आटोक्यात येतात. एवढं पुष्कळ आहे. सासरच्यांनी 'थोडी उजळ करून आणा' म्हणून पाठवलेल्या मुलीला मी हे तिच्या आईसमोर सांगते.

*

इथला मोसम: तुळशीच्या लग्नापासून माघापर्यंत. मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, वर दगडाच्या खाणी आणि क्रशरची धूळ. तेव्हा फार तर एन्झाइम, तेही महिन्यातून एकदा. स्कूटीवरच्या मुली ओढणीने चेहरा गुंडाळतात. छान, पण पातळ ओढणीतून ऊन येतंच. आतून सनस्क्रीन हवंच, चेहरा-मानेला दोन बोटांवर पसरेल इतकं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगवालीला आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असणारं, कारण दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. हे महिनाभर रोज लावून दाखवलं की पहिल्या पीलची तारीख देते.