पारानालचा डोंगर आणि मुठींतली कांच

चिली देशाच्या उत्तर भागांत अटाकामा म्हणून जें विस्तीर्ण वाळवंट आहे, त्यांत आंतोफागास्ता बंदराच्या दक्षिणेस सुमारें १२० किलोमीटरांवर पारानाल हा डोंगर उभा आहे. उंची २,६३५ मीटर. माथा सुरुंग लावून सपाट केलेला. सभोंवार गवताचें पातें दृष्टीस पडत नाहीं, व पाणीसुद्धां टांक्यांच्या मोटारींतून वर न्यावें लागतें. अशा ठिकाणीं मनुष्यानें वस्ती करावी तरी कां, असा प्रश्न आमच्या मंडळींत निघालाच. हवा कोरडी आणि रात्र खरोखर काळी, हें त्याचें उत्तर होय. हा काळोख येथील लोक एखाद्या ठेव्याप्रमाणें जपतात. रात्रीं मोटारी मोठे दिवे न लावतां चालवितात. निवासस्थान जमिनींत खोल बांधलेलें असून अंधार पडतांच त्याच्या खिडक्या पडद्यांनीं झांकतात. शनिवारीं दिवसा पाहुण्यांस स्थळ दाखवितात. रात्र मात्र वेध घेणारांची.

माथ्यावर युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या चार प्रचंड दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा मुख्य आरसा ८.२ मीटर व्यासाचा. मापुचे नांवाच्या मूळच्या रहिवाश्यांच्या भाषेंतून त्यांस अंतू, कुयेन, मेलिपाल व येपुन, म्हणजे सूर्य, चंद्र, त्रिशंकु व शुक्र, अशीं नांवें दिलीं आहेत. परक्यांच्या यंत्रांना देशच्या भाषेंतील नांवें मिळालीं, हें आम्हांस फार आवडलें.

परंतु खरें नवल जमिनीखालीं आहे. हौदांत दोन खडे टाकले असतां लाटेवर लाट आली तेथें पाणी उसळतें, आणि लाटेवर खळगा आला तेथें तें निश्चल होतें. प्रकाशाचेंही तसेंच. दूर दूरच्या दुर्बिणींतील किरण एकत्र करून असे तरंग भेटविले, तर एकटीला कधीं न दिसणारा बारीक भेद उमगतो. दुर्बिणींमधील अंतर जितकें अधिक, तितका तो सूक्ष्म. येथें तें १३० मीटरांपर्यंत आहे. अडचण एकच, पण मोठी! डोळ्यांस न दिसणाऱ्या ज्या अवरक्त प्रकाशावर हें काम चालतें, त्याची लहर मिलिमीटराच्या सुमारें ४५० व्या हिश्शाएवढी असते. आणि चारी किरणांचे मार्ग तिच्याही लहानशा अंशापर्यंत समान राखावे लागतात. याकरितां भुयारांत रूळ टाकून त्यांवर आरशांचे गाडे ठेविले आहेत. तारा आकाशांत सरकतो, तसे ते रात्रभर मागेंपुढें सरकतात.

इतका खटाटोप करून आणलेले किरण शेवटीं मिळतात कोठें? मुठींत मावेल एवढ्या कांचेंत. ‘ग्रॅव्हिटी’ नांवाच्या यंत्रांतील हा तुकडा फ्रान्समधील ग्रेनोबल येथें तयार झाला. पूर्वीं या कामास मेजभर आरसे लागत, व त्यांतील एखादा किंचित् हलला कीं सारा मेळ बिघडे. येथें सिलिकनवर चढविलेल्या कांचेच्या थरांतच केसाहून बारीक वाटा आहेत. पाटांतून पाणी जावें तसा त्यांतून प्रकाश जातो. चार भावंडांच्या जोड्या सहा होतात. तशा चार किरणांच्या सहा भेटी घडतात, आणि प्रत्येक भेटीचे चार निकाल मिळून चोवीस बिंदु एका वेळीं मोजले जातात. तत्पूर्वीं प्रत्येक किरणास एका कांचतंतूंतून जावें लागतें. हवेनें विस्कटलेल्या लहरींस तो आंत शिरकावच देत नाहीं.

भाद्रपदांचा चौकोन आमच्या वाचकांस परिचित असेलच. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेजवळ, नुसत्या डोळ्यांनीं जेमतेम दिसणारा, एच्. आर्. ८७९९ हा तारा आहे. त्याच्या चार ग्रहांपैकीं सर्वांत आंतल्या ग्रहावर इ. स. २०१८ च्या ऑगस्टांत हें यंत्र रोखलें. तो ताऱ्यापेक्षां दहा हजार पटींहूनही मंद. तरी एक तंतु ताऱ्यावर व दुसरा ग्रहाच्या जागीं धरून त्याचा प्रकाश निराळा काढला. अशा जोड-दुर्बिणींनीं परक्या सूर्याचा ग्रह प्रत्यक्ष पाहिल्याचें हें पहिलें उदाहरण, तें इ. स. २०१९ च्या मार्चांत प्रसिद्ध झालें. तो प्रकाश तेथून निघून सुमारें १३० वर्षें झालीं होतीं.

आणि दिसलें काय? सुमारें ८८० अंश सेंटिग्रेड उष्णतेची भट्टी, लोखंड व वाळूसारख्या द्रव्यांचे ढग, आणि प्रचंड वादळें. ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून वर्तमानपत्रें जी हांकाटी करतात, तिचा येथें मागमूस नाहीं. आपली पृथ्वी दृश्य प्रकाशांत सूर्याहून सुमारें हजार कोटी पटींनीं मंद आहे. तसला ग्रह पाहावयाचा तर आधीं ताराच विझविला पाहिजे. लाटेवर खळगा आणून तो विझवावा, ही युक्ति ब्रेसवेल यांनीं इ. स. १९७८ मध्यें सुचविली. पण त्यासाठीं किरणाचे अगदीं सारखे वांटे करणारी कांच हवी, आणि ज्या दीर्घ अवरक्त लहरींत असा ग्रह त्यांतल्या त्यांत उजळ असतो, त्या तर साध्या सिलिका-कांचेंतून पारच होत नाहींत. म्हणून गंधक, सेलेनियम असलीं द्रव्यें घालून केलेल्या कांचांत वाटा कोरून पाहण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनीं आरंभिले आहेत.