पुन्हा रामेश्वर

काशी आणि रामेश्वर ही नावे मराठी माणसाच्या तोंडी नेहमी जोडीनेच येतात. सेतूवरची वाळू प्रयागला त्रिवेणीत सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला घालायचे, म्हणजे यात्रा पुरी झाली, असा आपल्याकडचा हिशेब. आमच्या घराचा हा हिशेब पुरा व्हायला एकोणतीस वर्षे लागली.

1996 साली अण्णा आम्हाला रामेश्वरला घेऊन गेले. 1914 च्या पांबन पुलावरून मीटर गेजची गाडी गोगलगायीच्या चालीने चालली होती. खाली हिरवा समुद्र! ‘हात आत घ्या रे’ म्हणून अण्णा आम्हाला दटावत होते. स्वतःचे डोके मात्र खिडकीबाहेर. धनुष्कोडीला तेव्हा धड रस्ता नव्हता. मासळीच्या गाडीत बसून, वाळूत धक्के खात गेलो. तिथली मूठभर वाळू अण्णांनी रुमालात बांधून आणली. प्रयाग राहूनच गेले. 2021 साली, रुग्णालयात कुणाला आत सोडत नसत त्या दिवसांत, अण्णा गेले. देवघरातला गंगेचा गडू तसाच बंद राहिला. ती वाळू पुढे आईनेच प्रयागला सोडली.

2025 च्या मे महिन्यात आई, सौ., मुलगी आणि मी निघालो. आईच्या पिशवीत गंगेचे दोन गडू होते. एक प्रयागचा नवा, एक देवघरातला जुना. ‘दोन कशाला गं?’ मी विचारले. ‘असू दे,’ एवढेच ती म्हणाली.

एप्रिलमध्येच खुल्या झालेल्या नव्या पुलावरून गाडी बेटावर आली. जहाजांसाठी याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. शेजारी जुना पूल मुकाट उभा होता. गाव मात्र ओळखीचे वाटले. देवळातली बावीस तीर्थे, ओलेत्यांची धावपळ, खांबांची न संपणारी रांग, सारे जागच्या जागी.

धनुष्कोडीला आता टोकापर्यंत डांबरी सडक आहे. चर्चच्या पडक्या भिंतींपाशी उभा राहून मी मुलीला 22 डिसेंबर 1964 च्या रात्रीची हकीकत सांगत होतो. चक्रीवादळ आले, गावापाशी पोचलेली पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली, शंभरावर माणसे गेली. गाव पुन्हा वसले नाही, रूळही पुन्हा पडले नाहीत.

‘त्यांच्या तोंडात पाणी कुणी घातलं असेल?’ आईने विचारले.

कुणीच बोलले नाही. तिने जुना गडू काढला. गाडीवानाने पेचकसाने त्याचे झाकण उचकटून दिले. आईने सगळे पाणी हळूहळू वाळूत ओतले. ‘ह्यांनाही नाही मिळालं वेळेवर,’ ती म्हणाली.

रामेश्वराच्या वाटेवर नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजली, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. आईला ती सांगावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवा गडू देवाला पोचला. आईचे गुडघे बावीस तीर्थांपर्यंत पोचेनात. मुलगी एकटीच सगळीकडे भिजून आली आणि ओले हात आजीच्या डोक्यावरून फिरवून मोकळी झाली. हिशेब पुरा झाला, असे मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिच्या रुमालाची गाठ दिसली.

‘काय आहे गं त्यात?’

‘वाळू,’ ती म्हणाली. ‘प्रयागला कधी जायचं, बाबा?’