धुमसणारी चूल

'घरोघरी मातीच्याच चुली' ही म्हण प्रथम ज्याच्या तोंडून निघाली, तो गृहस्थ स्वतः कधी चुलीपुढे बसला नसावा. चुली मातीच्या, हे खरेच. पण एक मुकाट्याने जळते आणि दुसरी सारे घर धुराने भरून टाकते. गंमत अशी की, त्याचा दोष चुलीला कोणी देत नाही. तो तिच्यापुढे डोळे पुसत बसलेल्या बाईच्या पदरात पडतो. 'हाताला गुण नाही,' एवढ्या तीन शब्दांत निकाल लागतो!

माझे आजोळ इंदापूर तालुक्यात, आणि मावशीचे घर बारामतीकडे, कालव्याखालच्या गावात. त्यामुळे दोन तऱ्हांच्या चुली मी जवळून पाहिल्या. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा झाला, त्याच्या पाण्यावर पुढे ऊस वाढला, आणि मावशीच्या चुलीपाशी पाचटाचे भारे आले. पाचट भडकन पेटते आणि भाकरी उलटेपर्यंत त्याची राख होते. (पुण्याच्या 'आरती' संस्थेने याच पाचटाचा कोळसा करण्याची रीत बसवली, २००२ साली तिला त्याबद्दल अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले.) आजोळी मात्र माळावरची वेडी बाभूळ. तिचा निखारा टिकतो; पण परतीच्या पावसात ती भिजली, की ऐन दिवाळीत तिचा खरा स्वभाव कळतो.

अशाच एका दिवाळीत मामींची नवी सून चकल्या तळायला बसली होती. तेल तापेना, धूर आवरेना, फुंकून फुंकून पोरीचे डोळे लाल झाले. माजघरातून कोणीतरी ते ठरलेले तीन शब्द उच्चारले. मामी तिथूनच म्हणाल्या, "तिला काय बोलतासा? चुलीला इचारा की, तिचा दम का कोंडलाय!"

आणि त्यांनी चुलीला विचारलेही. आधी दोन लाकडे एकमेकांवर आपटली. वाळलेले लाकूड टणकन वाजते, ओले बद्द वाजते. ताज्या तोडलेल्या लाकडात कधीकधी निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी उडून जाईपर्यंत जाळाची ऊब त्यातच खर्च होते. आपण ज्याला धूर म्हणतो, ते न जळता निघून गेलेले जळणच. मामींनी ओली लाकडे बाजूला काढली आणि आढ्याखाली रचलेली कोरडी मागवली. मग आतली राख ओढली. राख लाकडापर्यंत चढली होती, खालून वारा शिरायला फटच नव्हती. विटेचे दोन तुकडे आडवे ठेवून त्यांवर लाकडे उचलून धरली. चुलीचे तोंड जाड ओंडक्यांनी बुजले होते, त्यांच्या ढलप्या करवल्या. मागची वैल उघडीच होती, तिच्यावर पाण्याचे भगुले चढवले. शेवटी काठीला चिंध्यांचा बोळा बांधून धुराडे झाडले, तेव्हा ओंजळभर काजळी खाली आली. धूर वर जातो तो गरम हवेच्या ओढीने. वाट अरुंद झाली की तो मागे फिरतो.

थोड्याच वेळात जाळ सरळ उभा राहिला. सुनेने फुंकणी कोपऱ्यात ठेवली. "फुकणी लई लागाया लागली, की समजावं, चुलीचं काय तरी बिघडलंय," मामी म्हणाल्या, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्या खोकल्यासाठी त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टरांनी छाती तपासून विचारले, "विडी किती ओढता?" मामींनी उभ्या जन्मात विडी हातात धरली नव्हती. त्या हसून म्हणाल्या, "चाळीस वर्सं, रोज दोन येळा!" डॉक्टर हसले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये संपला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेचा गॅस आला. मामींच्या सुनेकडेही आता शेगडी आहे. तरी आंघोळीचे पाणी आणि दहा जणांच्या भाकरी पडवीतल्या चुलीवरच होतात. टाकी पुरवून वापरावी लागते ना!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कुठे चूल धुमसताना दिसली, तर तिच्यापुढच्या बाईला काही सांगू नका. उठा, दोन लाकडे एकमेकांवर आपटा आणि कान देऊन ऐका. राख तुम्ही ओढलीत, धुराडे तुम्ही झाडलेत, तर फारच उत्तम. पहिली चकली तुमच्या हातावर पडेल, याची खात्री मी देतो.